घर्षण नगण्य माना

भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात पाऊस पडत नाही. तिथले रस्ते बारा महिने गुळगुळीत, दोऱ्यांना वजन नाही, कप्प्या कुरकुरत नाहीत आणि उंचावरून सोडलेल्या दगडाला वाटेत वारा भेटत नाही. असा मुलूख कुठे आहे हे पुस्तक सांगत नाही. गणित सोडवेपर्यंत तो आहे असं समजा, एवढंच सांगतं. त्यासाठी प्रश्नाच्या शेपटाला एक लहानसं वाक्य जोडलेलं असतं : घर्षण नगण्य माना.

मुंबई-पुण्यात फरशीवर बसून हे वाक्य वाचलं तर त्यात काही खटकत नाही. गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यात, तेही रोवणीच्या दिवसांत वाचलं, तर लिहिणाऱ्याला एकदा बोलावून बांधीत उतरवावं असं वाटायला लागतं. उत्तरेला वैनगंगा, तिच्यापलीकडे बालाघाट, अलीकडे जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या. आषाढ-श्रावणात या बांध्यांमध्ये जे भरलेलं असतं त्याला पाणी म्हणावं की जमीन, हे ठरवता येत नाही. पाय घातला की आत जातो. काढला तर पाय येतो, चप्पल येईलच असं नाही.

माझं आजोळ तिकडचं. मामेभावाची मुलगी यंदा नववीत आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’, दुसरा ‘कार्य आणि ऊर्जा’. विदर्भातल्या शाळा जून सरता सरता उघडतात. म्हणजे पोरांच्या हातात न्यूटन पडतो तेव्हा घरातली मोठी माणसं गुडघाभर चिखलात असतात. वेळापत्रक आखणाऱ्यानं हे जाणूनबुजून केलं नसणार, पण प्रात्यक्षिकाची याहून उत्तम सोय कुठल्याही शाळेला परवडणारी नाही. दुर्दैवानं मुलांना त्या दिवसांत शाळेत बसवून प्रात्यक्षिकाबद्दल सांगतात.

तर भाचीच्या वहीत एक गणित होतं. कुठल्याशा गाइडातलं असावं. एका बैलगाडीचं वस्तुमान ५०० किलोग्रॅम. बैलजोडी तिच्यावर ६०० न्यूटन बल लावते. त्वरण काढा. घर्षण नगण्य माना. तिनं बलाला वस्तुमानानं भागलं, १.२ मीटर प्रति सेकंद वर्ग असं उत्तर काढलं, खाली दोन रेषा मारल्या आणि वही मिटली. उत्तर बरोबर होतं. बाहेर पाऊस धरलेला, मला काही काम नव्हतं, म्हणून मी ते गणित पुढे चालवलं. घर्षणच नसेल तर बैल ओढत राहतील तोवर गाडीचा वेग वाढतच राहणार. दहा सेकंदांत ताशी ४३ किलोमीटर. इथवर ठीक, मोटरसायकल समजू. मिनिटाअखेर ताशी २५९ किलोमीटर, आणि तोवर गाडी दोन किलोमीटरच्या वर गेलेली. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी ताशी ५१८. नागपूर-बिलासपूर वंदे भारत गोंदियाला थांबते म्हणून आपल्याकडे तिचं कौतुक आहे, पण या गाडीपुढे ती पॅसेंजर ठरावी. आणखी थोडं ओढू दिलं तर बैलजोडी विमानाच्या वेगानं छत्तीसगडात शिरते.

गाइडवाल्यानं बैलांचं स्वतःचं वस्तुमान धरलेलं नाही, हा एक आक्षेप घेता येईल. बैलही त्याच वेगानं धावणार ना? जोडीचे ८०० किलो धरले तर त्वरण बरंच उतरतं. तरी मिनिटाअखेर ताशी शंभर किलोमीटर होतातच.

मी हे सगळं मामांना वाचून दाखवलं. मामा उंबऱ्यात बसून पाय कोरडे करत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “बैल कोनाचे होते?”

मग म्हणाले, “बैल थांबले का बंडी थांबते, बाई. एवढं समजाले नववी कायले पाहिजे?”

सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलचंही नेमकं हेच मत होतं. ढकललं तर वस्तू चालते, ढकलणं थांबलं की थांबते. हल्लीची पुस्तकं त्या बिचाऱ्याला पहिल्या परिच्छेदात चुकायला बोलावतात आणि दुसऱ्यात घालवून देतात. मला यात थोडा अन्याय वाटतो. तो डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टींवरून बोलत होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर वंगण आटलेल्या चाकांच्या गाड्या होत्या. दवनीवाड्यात उभा राहिला असता तर ॲरिस्टॉटल बिनविरोध सरपंच झाला असता. न्यूटनचं डिपॉझिट गेलं असतं. कारण न्यूटनचा पहिला नियम म्हणतो की एकदा चालू लागलेली वस्तू, तिला कुणी अडवेपर्यंत, सरळ रेषेत त्याच वेगानं चालत राहील. तशी बंडी गावातल्या एकाही मतदारानं पाहिलेली नाही.

खरं सांगायचं तर न्यूटननंही पाहिलेली नव्हती. १६८७ साली त्याचा मोठा ग्रंथ छापून आला तेव्हा इंग्लंडातले रस्तेही चिखलाचेच होते. ही न दिसणारी बंडी पाहण्याची युक्ती त्याच्याआधी गॅलिलिओनं काढली. त्यानं लाकडाच्या लांब तुळईत एक पन्हळ कोरली, ती घासून घासून गुळगुळीत केली, आतून चामड्याचा मऊ कागद लावला आणि तीवरून पितळेसारख्या धातूची कडक, गोल, चकचकीत गोळी सोडली. १६३८ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं वर्णन आहे. वाचताना जाणवतं की या माणसानं ‘घर्षण नगण्य माना’ असं नुसतं म्हटलं नाही, ते नगण्य करायला हात दुखेपर्यंत रंधा मारला. मग तो पुढचं मनात करत गेला. एका उतारावरून सुटलेली गोळी समोरच्या चढावर जवळजवळ तेवढीच उंची गाठते. चढ सौम्य केला तर ती उंची गाठायला लांबवर जाते. चढ अजिबातच काढून घेतला तर? मग तिला थांबायला कारणच उरत नाही.

हा युक्तिवाद मला अजूनही सुंदर वाटतो. मामांनाही वाटला. फक्त ते म्हणाले की त्या इटलीवाल्याकडे रंधा मारायला वेळ होता म्हणजे त्याची शेती दुसरं कोणीतरी पाहत असणार.

आता बांधीत उतरू या. रोवणीच्या आधी चिखलणी होते. पाणी भरलेल्या बांधीत नांगर किंवा ट्रॅक्टर फिरवून मातीचं असं लोणी करायचं की पाणी खाली मुरता कामा नये. म्हणजे शेतकरी आपल्या हातानं जमिनीचं जमीनपण काढून घेतो आणि मग त्याच जमिनीवर दिवसभर चालतो. चालणं ही गोष्ट तिसऱ्या नियमावर उभी आहे. आपण पायानं जमीन मागे रेटतो, जमीन आपल्याला पुढे रेटते. पण उलट रेटायला समोर जमीन असावी लागते. चिखल रेटला की तो रेटला जातो, बाजूला सरकतो आणि परतफेडीचं नाव काढत नाही. म्हणूनच चिखलणीच्या ट्रॅक्टरला रबरी टायरांच्या ऐवजी किंवा जोडीला लोखंडी पट्ट्यांची जाळीदार चाकं लावतात. ती खोल जाऊन कुठेतरी घट्ट थर गाठतात, त्याला रेटतात, आणि तो रेट परत करतो. तीच चाकं डांबरी रस्त्यावर आणली तर रस्त्याची चाळण होते आणि ग्रामसभेत त्यावर भांडणं होतात. कुठल्याही चाकाला दोन्हीकडे चांगलं म्हणवून घेता येत नाही.

पाय बाहेर काढणं हा वेगळा धडा आहे. रुतलेला पाय सरळ वर ओढला की त्याच्याखाली पोकळी व्हायला बघते, चिखल हवेला आत शिरू देत नाही, आणि वरून सगळ्या वातावरणाचा दाब त्या जागेवर येतो. म्हणून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवणाऱ्या बाया पाय सरळ ओढत नाहीत. टाच आधी जराशी वळवतात, हवेला वाट देतात, मग पाऊल उचलतात. मागे मागे सरकत रोवायचं, म्हणजे रोवलेलं तुडवलं जात नाही. हे कुणी कुणाला शिकवलेलं मी ऐकलेलं नाही. शहरातून गेलेला माणूस मात्र पाय उपटतो, चप्पल सोडतो आणि हसण्याचं निमित्त होतो. वातावरणाच्या दाबाचा आकडा त्याला पाठ असतो.

दवनीवाड्यात घर्षण खरोखर नगण्य होतं ते एकाच ठिकाणी : पावसात भिजलेल्या धुऱ्यावर. दोन बांध्यांमधली ती वीतभर रुंदीची माती पाण्यानं आणि पायांनी अशी चकचकीत होते की गॅलिलिओला चामड्याचा कागद लावायची गरज पडली नसती. तिच्यावरून डोक्यावर पऱ्ह्यांचा भारा घेऊन जायचं. इथे मग पुस्तकातलं जग थोडा वेळ अवतरतं आणि पहिला नियम डोळ्यांना दिसतो. पाय निसटतात, भारा त्याच वेगानं, सरळ रेषेत, पुढे जातो. त्यामागोमाग माणूसही.

हे सगळं पाहिल्यावर मला असं वाटू लागलं आहे की पुस्तकानं ज्याला गणिताच्या शेपटाला बांधून बाजूला ठेवलं त्याच्याच जिवावर हा जिल्हा चालतो. घर्षण आणि त्याचा भाऊ हवेचा विरोध, हे दोघे काढून घेतले तर गोंदियात खायला काही उरणार नाही. अतिशयोक्ती वाटत असेल तर धान उडवण्याचं काम पाहा.

दिवाळीच्या सुमाराला धान कापून कडपा पडलेल्या असतात. त्या वाळतात, पुंजणे रचले जातात, मळणी होते. हल्ली थ्रेशर आणि हार्वेस्टर येतात, पण घरच्यापुरतं थोडं धान अजूनही वाऱ्यावर उडवतात. मामी सूप डोक्याच्या वर धरते आणि हलवत हलवत धान सोडते. दाणे सरळ पायाशी पडतात, फोलपट दोन-तीन हातांवर जाऊन पडतं. दोन मीटर उंचीवरून दाणा खाली यायला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही. तेवढ्यात वारा निवाडा करतो. पृथ्वी दाण्याला आणि फोलपटाला सारख्याच त्वरणानं ओढते, त्यात ती पंक्तिप्रपंच करत नाही. फरक पडतो हवेमुळे. फोलपटाचा पसारा मोठा आणि वजन नगण्य, म्हणून हवा त्याला लगेच अडवते आणि वाहता वारा उचलून नेतो. दाणा आपल्या वजनाच्या जोरावर हवेला फारशी दाद देत नाही.

आता भाचीच्या पुस्तकातलं दुसरं लाडकं वाक्य घ्या : हवेचा विरोध नगण्य माना. मानला. फोलपट आणि दाणे एकाच क्षणी, एकाच ढिगात, मामीच्या पायाशी पडले. पुन्हा सुपात भरा, पुन्हा सोडा, पुन्हा तोच ढीग. कल्पान्तापर्यंत उडवत बसलं तरी भाताचं आधण ठेवायची वेळ येणार नाही.

असा प्रयोग झालेलाही आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चा डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभा राहिला आणि त्यानं एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. त्यांच्या यानाचं नाव ‘फाल्कन’, म्हणून पीसही ससाण्याचं. हवा नसल्यामुळे दोन्ही बरोबरच जमिनीवर पोचली. गॅलिलिओ जिंकला, टाळ्या पडल्या. मी हे मोबाइलवर मामीला दाखवलं. तिनं तो व्हिडिओ दोनदा पाहिला, आणि मग जो प्रश्न विचारला तो अमेरिकेतल्या कुणाला सुचला असेल असं वाटत नाही.

“मंग तेथं धान उडवाचं कसं?”

उडवता येणार नाही. चंद्रावर दाणा दोन मीटर उतरायला दीड सेकंद लावेल, म्हणजे वाऱ्याला जवळजवळ अडीचपट वेळ मिळेल, पण वाराच नाही. माणसं चंद्रावर वसाहत करणार असं वर्तमानपत्रात अधूनमधून येतं. तिथे पाणी कुठून आणायचं, प्राणवायू कसा करायचा, यावर मोठी माणसं विचार करताहेत. सुपाचा विचार कुणी केलेला नाही. माझ्या मामीला सल्लागार नेमलं तर ती पहिल्याच बैठकीत हा मुद्दा मांडेल.

घरच्या सुपातून निघालं की धान गोंदियाच्या राइस मिलमध्ये जातं आणि तिथे घर्षणाचं खरं राज्य सुरू होतं. भरडाई म्हणजे दुसरं काय? दोन रबरी रोलर एकमेकांच्या उलट फिरत असतात. त्यांच्यामधली फट दाण्याच्या जाडीपेक्षा कमी, आणि मुद्दाम एक रोलर दुसऱ्यापेक्षा जरा जास्त वेगानं फिरणारा. दाणा आत शिरला की त्याच्या एका अंगाला घाईचा रोलर ओढतो, दुसऱ्या अंगाला सावकाश रोलर धरून ठेवतो, आणि या ओढाताणीत तूस फाटून सुटतं. दोघांचा वेग सारखा ठेवला तर दाणा नुसता चेपून पलीकडे जाईल. पुढे पॉलिशला दाण्यावर दाणा घासून कोंडा काढतात. सरकारी भरडाईचा हिशेब क्विंटलभर साध्या धानाला ६७ किलो तांदळाचा आहे. बाकीचं तूस, कोंडा, कणी असं घासण्यातच जातं. रोलरचं रबरही झिजतं आणि बदलावं लागतं, कारण दुसऱ्याला घासणारा स्वतःही घासला जातो. इथे तिसरा नियम मिलमालकाला बिलाच्या रूपानं भेटतो.

पॉलिशमधून पडणारा तांदूळ ओंजळीत घेतला तर कोमट लागतो. कुणी तो तापवलेला नसतो. हा कोमटपणा कुठून येतो, या प्रश्नावर युरोपातली हुशार माणसं शंभर-दीडशे वर्षं अडली होती. उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, तो वस्तूंमध्ये भरलेला असतो आणि वस्तू घासली की पाझरतो, अशी त्यांची समजूत. मग रम्फर्ड नावाचा एक उचापती माणूस म्युनिकच्या तोफखान्यात जाऊन बसला. तिथे तोफेच्या नळ्या कोरायचं काम घोड्यांच्या जोरावर चाले. त्यानं मुद्दाम बोथट सामता घेतला, नळीभोवती पाणी ठेवलं आणि घोडे फिरवले. अडीच तासांनी पाणी उकळायला लागलं. खाली जाळ नाही, काही नाही. पाहायला जमलेली माणसं थक्क झाली असं त्यानं लिहून ठेवलं आहे. घोडे फिरवत राहिलं की उष्णता निघतच राहते, ती संपत नाही. मग ती साठवलेला द्रव कशी असेल? हे त्यानं १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं, आणि पुढे जूल नावाच्या शास्त्रज्ञानं तराजू लावून किती श्रमाला किती उष्णता याचा भाव ठरवून दिला.

तेव्हा घर्षण ऊर्जा खात नाही, फक्त तिचं रूप बदलून अशा जागी ठेवतं की पुन्हा हाताला लागत नाही. बंडीच्या आसाला म्हातारी माणसं एरंडेलाचं ओंगण घालत, ते न घातलं की चाक कुरकुरतं आणि आस तापतो. बैलानं खाल्लेल्या कडब्याचा आणि तणसाचा काही भाग त्या कुरकुरीत आणि त्या उबेत जातो. बांधीतल्या चिखलातही तेच होतं, पण तिथे पाणी इतकं असतं की चिखल किती तापला हे कुणाला कळत नाही. उन्हाचं नाव पुढे होतं.

एका किलो तांदळाचा हिशेब या निमित्तानं करून पाहण्यासारखा आहे. त्यात सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. विजेच्या भाषेत चार युनिट. यातली सगळी ऊर्जा, वाटेत कुणी हात न मारता, क्विंटलचं पोतं उचलायला लावली तर ते पोतं जवळजवळ पंधरा किलोमीटर उंच जाईल, म्हणजे एव्हरेस्टच्या बरंच वर. मिलवरचा हमाल दिवसाकाठी पाऊण किलो तांदूळ रिचवतो, आणि पोती मात्र माणसाच्या उंचीची थप्पी लावूनच थांबतात. बाकीची ऊर्जा कुठे जाते? शरीर स्वतःला गरम ठेवतं, श्वास घेतं, विचार करतं, मुकादमाला शिव्या देतं. स्नायूंच्या वाट्याला आलेल्या ऊर्जेतलाही चौथा-पाचवा हिस्साच कामाला येतो, उरलेला घाम होऊन वाहतो. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ताटात आणखी भात वाढून घेतला आणि म्हणाले, “मंग एवढ्याशानं काय होते?”

घर्षणाविरुद्ध उघड बंड करायचं, तर तेही आमच्याकडे होतं. हिवाळ्यात बैलजोड्यांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो. पट म्हणजे बलाला वस्तुमानानं भागण्याचाच सार्वजनिक उत्सव. बैल वाढवून बल वाढवता येत नाही, जोडी ती जोडीच, म्हणून वस्तुमान कमी करायचं. छकडी इतकी हलकी की तिला गाडी म्हणायला संकोच व्हावा, आणि धुरकरी असा बारीक चणीचा की आई त्याला जेवायला घालत नाही की काय अशी शंका यावी. हार-जीत सेकंदाच्या तुकड्यांवर होते. मात्र मैदान गुळगुळीत करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, उलट माती अशी राखतात की सुटतानाच्या पहिल्या ढांगेला खूर घसरू नये. तेवढं घर्षण सगळ्यांना हवं असतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हे पट थांबले, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह पुन्हा सुरू झाले, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात-आठ वर्षं स्थिर असलेली गर्दी ज्या वेगानं परत मैदानावर आली तो पाहता जडत्व फक्त वस्तूंना असतं, या समजुतीचा फेरविचार करायला हरकत नाही.

आता शेवटची गोष्ट पाण्याची. या भागात माजी मालगुजारी तलाव पुष्कळ. कोहळी समाजाच्या मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या उंच जागा हेरून पाळी घातल्या, पाणी अडवलं. खालच्या बांध्यांना लागेल तसं ते सोडायचं. वर साठलेलं पाणी ही स्थितिज ऊर्जा, ती ढगांनी फुकट वर चढवून दिलेली, आणि खाली यायला बिल नाही. जिथे तलावाचं पाणी पोचत नाही तिथे मोटारपंप. एक युनिट वीज पुस्तकातल्या जगात साडेछत्तीस हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवते. बाहेरच्या जगात पाइपची आतली भिंत, जुनी मोटार आणि पंपाचा घसारा आपापला वाटा काढून घेतात आणि उरलेलं पाणी बांधीत येतं. त्यात वीज रात्रीची. मध्यरात्री विजेरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाच्या मनात विजेशिवाय चालणारा पंप असावा असं आलं, तर त्यात नवल नाही.

तसा पंप मामेभावाच्या मोबाइलवर आला. व्हिडिओत एक मोठं चाक फिरतंय, चाकानं जनित्र फिरतंय, जनित्रानं मोटार चालतेय आणि मोटार तेच चाक फिरवतेय. वरून उरलेल्या विजेवर पंपही चालतोय. एकदा हातानं फिरवा, आयुष्यभर पाणी घ्या. किंमत एका बऱ्या बैलजोडीएवढी.

या चाकाचं घराणं फार जुनं आहे, आणि थोडं आपल्याकडचंही आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत पोकळ आऱ्यांमध्ये पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचं वर्णन केलं आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवानं मठ काढला, तिथे तसं चाक कुणी बनवून पाहिलं की नाही हे शिलालेखात कोरलेलं नाही. युरोपात पुढे पाच-सहाशे वर्षं अशी चाकं निघत राहिली. शेवटी कंटाळून १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं जाहीर केलं की यापुढे असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासले जाणार नाहीत. गंमत अशी की इथे घर्षण नगण्य मानलं तरी काम होत नाही. घर्षण काढून टाकलं तर चाक फारतर फिरत राहील, पण त्याला पाणी ओढायला लावलं की ते स्वतःच्या गाठीचीच ऊर्जा खर्च करणार आणि थांबणार. पुस्तकातल्या त्या सोप्या मुलखातही हा पंप चालत नाही.

हे मी मामेभावाला समजावत होते, आणि तो मान हलवत होता, पण त्याचं लक्ष किमतीवरच्या सवलतीकडे होतं. भाची वही आणून गतिज ऊर्जेचं सूत्र दाखवू लागली. मामांनी तिघांचं थोडा वेळ ऐकलं, मग मोबाइल मागून घेतला आणि व्हिडिओखालच्या नंबरवर सरळ फोन लावला. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलत होता. डिलिव्हरी पंधरा दिवसांत, हप्ते करून देऊ, दहा वर्षांची गॅरंटी.

“ते सगळं ठीक आहे जी,” मामा म्हणाले. “पन हे चाक बनवाचा तुमचा कारखाना कायच्यावर चालते?”

“थ्री फेज आहे ना आमच्याकडे,” तो म्हणाला.